शेऱ्याचा रकाना

मागच्या शनिवारी माळा आवरताना ऑफिसची एक जुनी वही सापडली. २००६ सालची. तेव्हा मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो (कुठल्या ते सोडा) आणि आमची क्लाएंट होती अमेरिकेतली एक विमा कंपनी (तिचंही नाव सोडा). वहीत नेहमीचाच पसारा होता.. मीटिंगच्या वेळा, कंटाळवाण्या कॉलवर काढलेल्या फुल्या आणि गोळे, कँटीनचा हिशेब. पण एका पानावर लाल पेनाने लिहिलेलं होतं, "शेरा ६० वर कापला जातो. तीव्रता ३." ते वाचलं आणि सगळं प्रकरण आठवलं. त्या दिवसापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहूनच टाकतो.

तर झालं असं होतं. या कंपनीचे एजंट लोकांच्या घरी जाऊन लॅपटॉपवर अर्ज भरायचे. अर्जाच्या शेवटी एक रकाना होता, 'एजंटचा शेरा'. त्यात पाचशे अक्षरं मावायची. पण हा अर्ज ज्या जुन्या मेनफ्रेमवर जाऊन पडायचा, तिथे कुणीतरी कधीकाळी शेऱ्यासाठी फक्त साठ अक्षरांची जागा ठेवली होती. उरलेली अक्षरं निमूटपणे हवेत. ना एरर, ना इशारा. एजंटला वाटायचं आपण सगळं लिहिलं, आणि पलीकडे बसलेल्या अंडररायटरला वाटायचं की एजंटने एवढंच लिहिलंय.

एका एजंटने तक्रार केली तेव्हा हे उघडकीला आलं. सत्तरीच्या एका बाईंचा अर्ज नामंजूर झाला होता. एजंटने लिहिलं होतं की बाई काठी वापरतात, पण ती पायाच्या छोट्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांपुरती, आणि मी गेलो तेव्हा त्या काठीशिवाय जिना चढून वर गेल्या. अंडररायटरच्या स्क्रीनवर आलं ते एवढंच, की बाई काठी वापरतात. झालं. काठी म्हणजे तोल जाण्याचा धोका, म्हणजे पडणं, म्हणजे खुब्याचं हाड, म्हणजे नकार.

आम्ही बग दुरुस्त केला. चार दिवसांचं काम. त्या बाईंचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. पण हे पक्कं माहीत होतं की यापुढे त्या कुठल्याही कंपनीकडे गेल्या तरी अर्जात एक प्रश्न असणार, 'यापूर्वी कधी आपला अर्ज नाकारला गेला आहे का?' आणि त्यांना 'हो' लिहावं लागणार. तीव्रता ३ म्हणे!

तेव्हापासून मला हा प्रश्न पडलेला आहे की पाचशे अक्षरांचा शेरा साठ अक्षरांचा झाला कसा? कोडमध्ये कसा झाला ते मला माहीत आहे. मी इतिहासात कसा झाला ते विचारतोय. एजंट आणि अंडररायटर, म्हणजे ग्राहकाच्या समोर बसणारा आणि ग्राहकाला कधीही न बघता निर्णय घेणारा, या दोघांचं बोलणं इतकं आक्रसलं कसं?

आधी हा विमा कसला ते सांगतो, कारण आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. इंग्रजीत याला लाँग टर्म केअर इन्शुरन्स म्हणतात. आपण दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा म्हणू. म्हातारपणी अंघोळ घालायला, कपडे चढवायला, भरवायला माणूस लागला तर त्याचा खर्च हा विमा देतो. हॉस्पिटलचा खर्च वेगळा, हा वेगळा. अमेरिकेत ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सनच्या सहीने मेडिकेअर आणि मेडिकेडचा कायदा झाला. लोकांना वाटलं आता म्हातारपणाची काळजी मिटली. पण मेडिकेअर नर्सिंग होमचे पैसे देतं ते आजारातून उठण्यापुरते, म्हणजे तीन दिवस हॉस्पिटलात काढल्यावर, तेही जास्तीत जास्त शंभर दिवस, आणि त्यातले पूर्ण खर्चाचे पहिले वीसच. त्यापुढे वर्षानुवर्षं कुणी सांभाळायचं असेल तर स्वतःचे पैसे संपेपर्यंत खर्च करा, आणि कफल्लक झालात की मेडिकेडकडे या. ही मधली खिंड भरायला खासगी कंपन्यांनी सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत हे विमे विकायला काढले.

आता यातली गंमत बघा. आयुर्विम्याचा अंडररायटर विचारतो, हा माणूस किती लवकर मरेल? आणि शुश्रूषेच्या विम्याचा अंडररायटर विचारतो, हा माणूस कसा जगेल? दोन्ही प्रश्न वेगळेच नाहीत, बऱ्याचदा उलटे आहेत. ज्याचं हृदय ठणठणीत आहे पण जो गॅस बंद करायला विसरू लागलाय, तो आयुर्विम्याला आवडता आणि शुश्रूषा विम्याला सगळ्यात महागडा, कारण तो विसरत विसरत पुढची बारा वर्षं जगणार.

या 'कसा जगेल'चं मोजमापही उशिराच आलं. क्लीव्हलंडच्या सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली सहा गोष्टींची यादी छापली. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या पेशंटांना बघताना त्यांच्या लक्षात आलं की बरं होताना या क्षमता एका ठराविक क्रमाने परत येतात, आणि तो क्रम लहान मूल त्या शिकतं त्याच्याशी जुळतो. पुढे १९६९ साली फिलाडेल्फियाच्या लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी केली. फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा हिशेब. ही दुसरी यादी आधी ढासळते, पहिली नंतर. १९९६ च्या हिपा कायद्याने करसवलत मिळणाऱ्या पॉलिसींसाठी व्याख्याच घालून दिली. पहिल्या यादीतल्या किमान दोन गोष्टी किमान नव्वद दिवस दुसऱ्याच्या मदतीवाचून जमणार नाहीत असं दिसलं, किंवा बुद्धी इतकी ढासळली की सतत लक्ष ठेवावं लागेल, तर पैसे मिळतील.

म्हणजे अंडररायटरला खरं काय हवं? ही दुसरी यादी कुठे कुठे उसवायला लागलीय ते. आणि हे डॉक्टरच्या फाईलमध्ये असतं का? फारसं नसतं. तिथे रक्तदाब असतो, साखर असते, 'पेशंट ठीक, सहा महिन्यांनी यावे' असतं. बाईंनी चहाचं आधण दोनदा ठेवलं, नवऱ्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बायकोच देत होती, भिंतीवरचं कॅलेंडर तीन महिने मागे होतं, हे कुणाला दिसतं? त्यांच्या किचन टेबलाशी दोन तास बसलेल्या एजंटला. सगळी माहिती एका बाजूला आणि सगळा अधिकार दुसऱ्या बाजूला. मध्ये एक अर्ज.

असा पेच पहिल्यांदाच पडला असं मात्र नाही. त्यासाठी जरा मागे, लंडनला जाऊ.

सतराव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाने टॉवर स्ट्रीटवर एक कॉफी हाऊस चालवलं होतं. १६८८ च्या सुमाराला त्याचा पहिला उल्लेख सापडतो, आणि १६९१ मध्ये ते लोंबार्ड स्ट्रीटवर गेलं. जहाजांचे मालक, कप्तान, व्यापारी तिथे जमायचे. जहाजाचा विमा हवा असला की दलाल एका कागदावर जहाजाचं नाव, माल, प्रवास लिहायचा आणि टेबलाटेबलावर फिरायचा. ज्याला जोखीम घ्यायची असेल तो त्या मजकुराच्या खाली आपलं नाव आणि रक्कम लिहायचा. खाली लिहिणारा, म्हणून अंडररायटर. (शब्दाचा अर्थ इतका साधा आहे हे मला पंधरा वर्षं या क्षेत्रात काम करूनही माहीत नव्हतं!) इथे दलाल आणि अंडररायटर यांच्यात अंतर किती? एका टेबलाचं. अंडररायटर त्याच्या डोळ्यांत बघून विचारू शकायचा, "कप्तान पितो का रे?" आणि दलालाने आज थाप मारली तर उद्या त्याच खोलीत त्याच माणसासमोर पुन्हा उभं राहायचं होतं. शेऱ्याला अक्षरांची मर्यादाच नव्हती.

पण समुद्र मोठा झाला आणि टेबलावर सगळं सांगता येईना. १७६६ साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहम हा खटला गाजला. सुमात्रा बेटावर बेंकुलेनला (आजचं इंडोनेशियातलं बेंगकुलू) ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो होता. तिथल्या गव्हर्नर कार्टरने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध लंडनला विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. अंडररायटर बोहम म्हणाला, पैसे देणार नाही, किल्ला कच्चा आहे आणि हल्ल्याची भीती आहे हे तू मला सांगितलं नाहीस.

निकाल दिला लॉर्ड मॅन्सफील्डने. विमा कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात हा निकाल असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यातला अर्धाच भाग सांगतात. तो अर्धा भाग असा, की विमा हा विश्वासाचा करार आहे, महत्त्वाची माहिती एकट्या विमेदाराकडे असते, ती त्याने दडवू नये. बरोबर. पण त्या खटल्यात जिंकला कोण? कार्टर! कारण मॅन्सफील्डने दुसरा अर्धा भागही सांगितला. जे अंडररायटरला स्वतःला ठाऊक असायला हवं, जे तो विचारू शकत होता आणि ज्याबद्दल त्याने चौकशी केली नाही, त्यासाठी तो नंतर ओरडू शकत नाही. युद्ध चालू आहे हे अख्ख्या लंडनला माहीत होतं. गव्हर्नर स्वतः विमा उतरवतोय म्हटल्यावर त्याला भीती आहे हे उघड होतं. प्रश्न न विचारता हप्ता खिशात घालायचा आणि नुकसान झाल्यावर 'मला सांगितलं नाही' म्हणायचं, हे चालणार नाही.

आणि एक मजेशीर तपशील. त्या खटल्यात दलालाचीही साक्ष झाली होती. तो म्हणाला की अमुक पत्र जर दाखवलं असतं तर माझ्या मते विमा उतरलाच नसता. न्यायाधीशांनी ती साक्ष बाजूला सारली, म्हणाले हे दलालाचं नुसतं मत आहे, पुरावा नव्हे. म्हणजे एजंटच्या शेऱ्याला किती किंमत द्यायची हा वाद अडीचशे वर्षं जुना आहे, मी उगाचच साठ अक्षरांना दोष देत होतो :)

पुढचा टप्पा अमेरिकेतला. आयुर्विमा तिथे एकोणिसाव्या शतकात फोफावला, आणि कॉफी हाऊसचं टेबल हजार मैलांचं झालं. एजंट कॅन्ससच्या शेतावर आणि मुख्य कचेरी न्यूयॉर्कला. एजंटचं पोट कमिशनवर, त्यामुळे कचेरीला त्याचा शब्द खरा वाटेना. यात चूक कुणाची म्हणणार? ज्याला विक्री झाली तरच पैसे मिळतात त्यालाच 'माल कसा आहे' विचारायचं! मग कचेरीने त्याला टाळून पोचायच्या वाटा शोधल्या. एक, डॉक्टरकडून तपासणी. दोन, कंपन्यांनी आपसात माहिती वाटून घेणं. १९०२ साली पंधरा कंपन्यांच्या वैद्यकीय संचालकांनी मेडिकल इन्फर्मेशन ब्यूरो काढला. एका कंपनीच्या अर्जात उघड झालेली गोष्ट दुसरीकडे लपवली तर सांकेतिक आकड्यांतून कळायची सोय झाली. आणि तीन, आकडेमोड. न्यूयॉर्क लाइफ कंपनीचे डॉक्टर ऑस्कर रॉजर्स आणि अॅक्च्युअरी आर्थर हंटर यांनी आपली गुणांची पद्धत १९१९ साली जगापुढे मांडली. सर्वसाधारण माणूस म्हणजे शंभर. वजन जास्त, तर इतके गुण वाढवा. घराण्यात दीर्घायुष्य, तर इतके कमी करा. बेरीज करा, निकाल लावा.

एक प्रोग्रामर म्हणून मला या पद्धतीचं फार कौतुक आहे. अहो, फ्लोचार्टच तो! त्यामुळे हजारो अर्ज एकाच मापाने मोजले जाऊ लागले, साहेबाच्या लहरीवर निर्णय राहिला नाही, आणि ज्यांना आधी सरसकट नकार मिळायचा अशांना जास्त हप्त्यावर का होईना विमा मिळू लागला. पण प्रत्येक फ्लोचार्टची एक किंमत असते. जे आकड्यात बसत नाही ते शेऱ्यात जातं, आणि शेरा कुणी वाचत नाही.

इथे मला माझे एक काका आठवतात. एलआयसीचे एजंट होते, जवळजवळ तीस वर्षं. आपल्याकडे एजंटला 'प्राथमिक अंडररायटर' म्हणण्याची पद्धत आहे, आणि प्रस्तावासोबत त्याने स्वतःचा गोपनीय अहवाल द्यायचा असतो. या माणसाला किती वर्षं ओळखता, तब्येत कशी दिसते, सवयी काय, कमाई किती. बरेच एजंट तो यांत्रिकपणे भरतात. काका मात्र तो पत्रासारखा लिहायचे. एकदा त्यांनी मला दाखवलं होतं. "यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी स्वतःहून सांगितला. पण रोज पहाटे पर्वती चढतात, मी स्वतः तीनदा बरोबर गेलो आहे. माझी धाप लागली, त्यांची नाही." प्रस्ताव मंजूर झाला. मी विचारलं, "काका, एवढं लिहायला वेळ कसा मिळतो?" तर म्हणाले, "अरे, ब्रांचमधले साहेब माझं अक्षर ओळखतात. ज्याचं नको लिहायचं त्याचं मी लिहीत नाही, हे त्यांना माहिताय. म्हणून ज्याचं लिहितो त्याचं ते वाचतात."

हे शेवटचं वाक्य माझ्या मते या सगळ्या लेखाचं सार आहे. पण जरा थांबा, अमेरिकेतली गोष्ट अजून संपली नाही.

ऐंशीच्या दशकात शुश्रूषेचे विमे दणक्यात विकले जाऊ लागले तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सोपा रस्ता धरला. अर्ज छोटा, प्रश्न मोघम, तपासणी नाही. एजंट पटापट सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही'वर खूण करायचा आणि कंपनी पटकन पॉलिसी द्यायची. दोघंही खूश. खरी तपासणी व्हायची ती म्हातारीने दावा केल्यावर! तेव्हा कंपनी डॉक्टरांची सगळी कागदपत्रं मागवायची, त्यात कुठेतरी न सांगितलेलं काहीतरी सापडायचं, आणि पॉलिसी रद्द. हप्ते परत घ्या आणि जा. ज्या वयात नवीन विमा मिळणं शक्य नाही, ज्या दिवशी त्याची गरज पडली, नेमकं त्या दिवशी. याला 'दाव्यानंतरचं अंडररायटिंग' असं नाव पडलं. मॅन्सफील्डने दोनशे वर्षांपूर्वी जे चालणार नाही म्हटलं होतं, नेमकं तेच.

मग राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने नमुना कायदा आणि नियम केले आणि एकेका राज्याने ते उचलले. त्यातल्या तरतुदी वाचताना मला तर बग रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं. अर्जातले प्रश्न स्पष्ट आणि एकाच अर्थाचे असले पाहिजेत. औषधं विचारली तर ती लिहून घ्या, आणि एखादं औषध ज्या आजाराचं आहे तो आजार कंपनीला तेव्हाच कळायला हवा होता, तर त्या आजारासाठी नंतर पॉलिसी रद्द करता येणार नाही. ऐंशी किंवा त्यापुढचं वय असेल तर पॉलिसी देण्यापूर्वी शारीरिक तपासणी, कार्यक्षमतेची पाहणी, डॉक्टरांचा अहवाल किंवा वैद्यकीय कागदपत्रं यांपैकी निदान एक तरी मिळवा. आणि पॉलिसीला दोन वर्षं झाली की जाणूनबुजून, मुद्दाम खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं तरच हात लावता येईल. थोडक्यात काय, तर बोलायचं ते आधी बोला.

यानंतर अंडररायटरने खरंच विचारायला सुरुवात केली. पण एजंटला नाही! तरुण अर्जदारांना फोनवर मुलाखत, वय जास्त असेल तर घरी येणारी नर्स. स्मरणशक्तीसाठी दहा शब्दांची परीक्षा आली. १९८९ साली डेव्हिड नॉपमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ती मांडली होती. दहा शब्द दाखवायचे, प्रत्येकाचं वाक्य करायला लावायचं, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची आणि मग आठवतील तेवढे शब्द सांगायला लावायचे. त्यानंतर फोनवर घेता येणाऱ्या परीक्षाही आल्या. २००० नंतरच्या दशकात औषधांच्या दुकानातल्या नोंदी विमा कंपन्यांना विकणाऱ्या सेवा निघाल्या, आणि २००७ साली फेडरल ट्रेड कमिशनने त्यातल्या दोन बड्या कंपन्यांना ग्राहक-अहवालांचा कायदा पाळायला भाग पाडलं. यातलं काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही. दहा शब्दांची परीक्षा एजंटच्या अंदाजापेक्षा नक्कीच बरी. पण प्रत्येक नव्या वाटेबरोबर एजंटचा रकाना थोडा थोडा लहान होत गेला.

आणि उलट दिशेचा रस्ताही अरुंद झाला. एप्रिल २००३ पासून हिपाचे गोपनीयतेचे नियम लागू झाले, आणि कंपन्या वैद्यकीय कारण एजंटला सांगायला बिचकू लागल्या. ते रास्तही होतं. माझं दुखणं माझ्या एजंटला का कळावं? पण परिणाम असा की नकाराचं पत्र अर्जदाराला, आणि एजंटला फक्त 'नामंजूर'. का नामंजूर, काय वेगळं सांगायला हवं होतं, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज केला तर चालेल का.. काही नाही. ज्या प्रोग्रामला चूक झाल्यावर फक्त 'फेल' एवढंच कळतं तो कधी सुधारतो का? एजंटचंही तेच.

यापेक्षा मोठी चूक मात्र वेगळ्याच टेबलावर झाली. हप्ते ठरवताना कंपन्यांनी धरलं होतं की दरवर्षी चार-पाच टक्के लोक पॉलिसी सोडून देतील, जसं इतर विम्यांत होतं. सोडणाऱ्याचे हप्ते कंपनीकडे, दावा शून्य. प्रत्यक्षात सोडणारे निघाले एक टक्क्याच्या आसपास. लोक पॉलिसी धरून बसले, जगलेही जास्त, आणि व्याजदर उतरत गेले. हे अॅक्च्युअरींचं गणित, त्याचा एजंटशी काय संबंध असं तुम्ही म्हणाल. मला वाटतं आहे. हा विमा घेणारी बाई बहुतेकदा स्वतःच्या आईला नर्सिंग होममध्ये ठेवून आलेली असते. ती ही पॉलिसी सोडेल का हो? हा प्रश्न किचन टेबलाशी बसलेल्या कुठल्याही एजंटला विचारला असता तर त्याने एका शब्दात उत्तर दिलं असतं. पण त्या प्रश्नाचा रकाना अर्जात नव्हता.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. २००२ साली वर्षाला साडेसात लाखांच्या आसपास विकल्या जाणाऱ्या पॉलिसी पुढच्या दशकात एक लाखाच्या खाली आल्या. मेटलाइफ २०१० मध्ये, प्रुडेन्शियल २०१२ मध्ये विक्रीतून बाहेर पडली. उरलेल्यांनी जुन्या ग्राहकांचे हप्ते वाढवले आणि नव्यांसाठी चाळणी बारीक केली. पेन ट्रीटी कंपनी २०१७ साली पेनसिल्व्हानियाच्या कोर्टाने दिवाळखोरीत काढली, तेव्हा तिचे जवळजवळ शाहात्तर हजार पॉलिसीधारक होते. २०१८ च्या जानेवारीत जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपनीला जुन्या शुश्रूषा विम्यांच्या पुनर्विम्यापायी सहा अब्ज डॉलरहून जास्त तोटा दाखवावा लागला. ज्यांनी हा विमा विकला, ज्यांनी मंजूर केला, ते केव्हाच निवृत्त झाले होते. ज्यांनी वीस वर्षं हप्ते भरले ते मात्र तिथेच होते, काही जण व्हीलचेअरवर.

मग चांगलं बोलणं कसं असतं? ते जमवणारे लोक मी त्या प्रोजेक्टवर पाहिले आहेत. चांगला एजंट अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडायचा. नुसतं 'मधुमेह आहे' नाही, तर कधीपासून, कुठलं औषध, डोस शेवटचा कधी बदलला, डोळे-पाय-मूत्रपिंड ठीक आहेत का. औषधाचं नाव लिहिलं की ते कशासाठी तेही लिहायचा, कारण एकच गोळी एका माणसाला झोपेसाठी असते, दुसऱ्याला नैराश्यासाठी. मेथोट्रेक्सेट सोरायसिसला देतात आणि संधिवातालाही, आणि शुश्रूषेच्या विम्यात त्या दोघांचं भविष्य फार वेगळं. अर्ज भरण्यापूर्वीच नाव न सांगता अंडररायटरला फोन करून विचारायचा, "एकाहत्तर वय, गुडघा बदलून चार महिने, काठी सुटली, चालेल?" म्हणजे नकाराचा डाग लागायच्या आधीच कळायचं की दोन महिने थांबावं. आणि नको तो अर्ज स्वतःच आणायचा नाही.

चांगली अंडररायटर 'नाही' आणि 'आत्ता नाही' यांत फरक करायची. अर्जदाराची लेखी परवानगी घेऊन कारण कळवायची. आमच्या क्लाएंटकडे अशी एक बाई होती. ती एजंटांच्या शेऱ्यांची स्वतःची वही ठेवायची, कोण खरं लिहितो आणि कोण सगळ्यांनाच 'उत्तम प्रकृती' लिहितो. काठीचा बग पहिल्यांदा तिच्याच लक्षात यायला हवा होता, नाही का? तिनेच मला सांगितलं की तिला वाटायचं हा एजंट हल्ली तोडकं लिहायला लागलाय, कंटाळला असेल बहुतेक. त्याच्या शेऱ्यांवरचा तिचा विश्वास कमी झाला होता.. आमच्या साठ अक्षरांमुळे!

म्हणून मला वाटतं, हे सगळे नवे मार्ग, परीक्षा, डेटाबेस, हवेतच. पण त्यांनी माहिती मिळते, ओळख होत नाही. लॉइडच्या टेबलावर होती ती ओळख. काकांच्या अक्षरात होती ती ओळख. एजंट खोटं बोलेल या भीतीने त्याचं ऐकणंच बंद केलं की प्रामाणिक एजंटला पत्र लिहिण्याचं कारणच उरत नाही. आणि मग उरतात ते खरंच न लिहिणारे.

आणि हे फक्त विम्याचं आहे असं थोडंच आहे? माझी मावशी पुण्यात एकटी असते, मुलगा न्यू जर्सीला. दर रविवारी फोन. "आई, कशी आहेस?" "बरी आहे रे." संपलं. ती गेल्या महिन्यात अंघोळ करताना दोनदा घसरली हे मला माहीत आहे, कारण मी तिच्या किचन टेबलाशी बसतो. त्याला माहीत नाही, कारण त्याच्या फोनला साठच अक्षरांचा रकाना आहे. परवा मी त्याला लांबलचक मेल लिहिली. त्याचा लगेच फोन आला, "दादा, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "तू विचारलं नाहीस." आणि मग वाटलं, मीही सांगितलं नाहीच की.

असो. वही परत माळ्यावर टाकली नाही, टेबलावरच ठेवली आहे. मावशीकडे आज संध्याकाळी जायचंय, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवणारा माणूस येणार आहे.